मालक गेला, माल अंगात राहिला

"ते सर आता इथं नसतात."

आमच्या केंद्रात येणाऱ्या एका मावशींना दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर हे वाक्य तीन वेळा ऐकावं लागलं. चौथ्या वेळी मी बरोबर गेले, तर तेच वाक्य इंग्रजीत मिळालं आणि पाण्याचा ग्लासही मिळाला. एवढाच फरक.

मावशी अंगणवाडीत मदतनीस आहेत. पुढचे दोन दात नवऱ्याने पाडले. ती केस, पोलीस चौकीच्या खेपा, वेगळी खोली घेणं, हे सगळं आपल्या मैत्रिणींना नवीन नाही, म्हणून ते इथे सांगत बसत नाही. वेगळं झाल्यावर त्यांनी काढता-घालता दात करून घेतला होता. तो पोरांना गाणं शिकवताना निसटायचा आणि पोरं हसायची. मग बचत गटाचं कर्ज काढून आणि उरलेले पैसे फायनान्सच्या हप्त्यांवर घेऊन त्यांनी त्या दवाखान्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले. दवाखान्याचे संस्थापक-मालक मोठे प्रस्थ होते. भिंतीवर त्यांचे फोटो, पुरस्कार, 'आयुष्यभराची हमी'. वर्ष व्हायच्या आत एक दात हलायला लागला आणि हिरडीतून पू येऊ लागला. तोवर साहेबांचं भागीदारांशी बिनसलं होतं. पैशांच्या व्यवहारावरून बरंच बोललं जात होतं. ते कंपनीतून बाहेर पडले. नवे लोक म्हणतात, ती हमी त्यांच्या काळातली, आम्ही बांधील नाही. हमी साहेबांबरोबर गेली. हप्ता मात्र कुठे गेला नाही, तो दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो.

मावशींनी मला विचारलं, "ताई, माणूस गेला ते ठीक, पण हे माझ्या हाडात आहे त्याचं काय?"

हा प्रश्न अगदी शब्दशः खरा आहे. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा बारीक स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात तो बसवला, कारण हाड टायटॅनियमला धरून घट्ट वाढतं असं त्यांना दिसलं होतं. त्यावर जोड बसतो, जोडावर दात. पण एका कंपनीचा जोड दुसऱ्या कंपनीच्या स्क्रूवर सहसा बसत नाही, तो उघडायचं अवजारही वेगळं असतं. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, कुठल्या कंपनीचा, कुठल्या मापाचा? प्रत्येक स्क्रूच्या वेष्टनावर बॅच नंबरचा स्टिकर असतो, तो पेशंटच्या कागदावर लागायला हवा. मावशींच्या पावतीवर आहे, 'इम्प्लांट, दोन नग'. जणू बिजागऱ्या घेतल्या.

मालक निघून गेला की कंपनी हात झटकते आणि बाईच्या अंगातली वस्तू बेवारस होते, हे काही आपल्या गल्लीतलंच नाही. फ्रान्समध्ये याचा मोठा खटला झाला.

झाँ-क्लोद मास नावाच्या गृहस्थाने १९९१ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तुलाँजवळच्या ला सेन-सुर-मेर या गावी 'पॉली इम्प्लांट प्रोथेज', थोडक्यात 'पिप' ही कंपनी काढली. माल होता स्तनात बसवायच्या पिशव्या. शिक्षणाने तो डॉक्टर नव्हता, विक्रीच्या धंद्यातून वर आलेला होता. २०००च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कारखान्याच्या उत्पादन-पद्धतीतल्या गंभीर त्रुटींबद्दल इशारापत्र दिलं. तरी युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत माल जातच राहिला. मान्यता होती वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉन जेलला. पिशव्यांत भरलं जात होतं कारखान्यातच कालवलेलं, औद्योगिक सिलिकॉनचं, कितीतरी स्वस्त जेल. २०१० च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या आरोग्य-उत्पादन यंत्रणेचे निरीक्षक आत शिरले तेव्हा हे उघड झालं. पिशव्या नेहमीपेक्षा जास्त फुटतात हे शल्यचिकित्सक त्याआधीपासून सांगत होते. महिन्याच्या आत कंपनी दिवाळखोरीत गेली. फ्रान्समध्ये सुमारे ३० हजार बायका आणि जगभरात तीन ते चार लाख बायका अंगात तो माल घेऊन राहिल्या.

मासने पोलिसांपुढे कबूल केलं की जेल मान्यतेचं नव्हतं आणि तपासायला येणाऱ्यांपासून ते लपवायचे हुकूम त्यानेच दिले होते. पस्तावा मात्र नाही. जेल धोक्याचं नाही, हे पालुपद शेवटपर्यंत चालू. तक्रार करणाऱ्या बायकांविषयी त्याचं मत असं, की या एकतर मनाने कमकुवत किंवा पैशांसाठी आलेल्या. मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती भाषांत ऐकलंय! हुंडाबळीच्या केसमध्ये, बलात्काराच्या केसमध्ये, कामाच्या जागी छळाच्या तक्रारीत. एकतर डोकं फिरलंय, नाहीतर पैसे हवेत. तिसरी शक्यता, म्हणजे बाई खरं बोलतेय, ही यादीतच नसते.

२०१३ मध्ये मार्सेयला खटला चालला. फिर्यादी पाच हजारांहून जास्त, कोर्टात मावेनात, म्हणून प्रदर्शनाच्या सभागृहात कोर्ट भरवावं लागलं. १० डिसेंबर २०१३ ला निकाल लागला: फसवणुकीबद्दल चार वर्षं कैद, ७५ हजार युरो दंड, वैद्यकीय क्षेत्रात काम करायला आणि कंपनी चालवायला कायमची बंदी. दंडाची रक्कम नुसत्या फ्रान्समधल्या बायकांत वाटली तर दर डोई अडीच युरो येतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये मास वारला. शारीरिक इजेबद्दलची वेगळी चौकशी त्याच्या हयातीत खटल्यापर्यंत पोचलीच नाही. फसवणूक सिद्ध झाली, म्हणजे मालाच्या लबाडीची शिक्षा झाली. शरीराचा हिशोब तसाच राहिला.

आता इथे थांबून मला आपल्याच घरातलं एक भांडण काढायचं आहे. आमच्या गटाच्या बैठकीत मी हा विषय मांडला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, छाती वाढवून घेणाऱ्या बायकांचं आपण कशाला ओढवून घ्यायचं? इथे रेशन मिळत नाही." मला त्यांच्याबद्दल आदर आहे. १९८६ मध्ये नेट-एन या संततिप्रतिबंधक इंजेक्शनाविरुद्ध महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, महाराष्ट्रात १९८८ चा गर्भलिंगचाचणीविरोधी कायदा झाला, त्या काळात रस्त्यावर उतरलेली ही पिढी आहे. पण या प्रश्नावर त्यांचं चुकतंय, आणि ते छापून सांगायला हवं.

फ्रान्समधल्या त्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीने कर्करोगात स्तन काढल्यावर पिशवी बसवली होती. बाकीच्यांनी दिसण्यासाठी. सरकारने २०११ च्या डिसेंबरमध्ये सगळ्यांनी पिशव्या काढून घ्याव्यात असा सल्ला दिला, काढायचा खर्चही सगळ्यांचा उचलला. नवी बसवायचा खर्च मात्र फक्त कर्करोगवालीचा. इंग्लंडमध्ये खाजगी दवाखान्याने हात वर केले तर सरकारी आरोग्यसेवा पिशवी काढून देई, नवी बसवून देत नसे. म्हणजे एक दुखणं खरं, दुसरं हौसेचं. सरकारने बायकांची अशी वाटणी केली आणि आपणही तीच करतो आहोत. बाईला आपली छाती कमी वाटावी हे कुणी शिकवलं? सिनेमाने, जाहिरातीने, लग्नाच्या बाजाराने. त्या बाजारावर टीका जरूर करू या, वर्षानुवर्षं करतोच आहोत. पण बाजाराने जिला फसवलं तिलाच बाजारात कशाला गेलीस म्हणणं, हा सासूचा न्याय झाला. आणि मावशींचे दात कुठल्या खान्यात टाकणार? दात दिसण्यासाठी लावले, हे खरं. ते पडले कशाने, हेही खरं.

उलट बाजूचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते. पिपच्या बाबतीत तज्ज्ञांनी नंतर जे तपासलं त्यात पिशव्या जास्त फुटतात हे पक्कं ठरलं, पण कर्करोग वाढतो असा पुरावा मिळाला नाही. आपल्या पत्रकांत ते बढवून लिहू नये. फसवणूक पुरेशी मोठी आहे, तिला मीठमसाला लागत नाही.

मास खलनायक होताच. पण सगळं त्याच्या माथी मारणं बाकीच्यांच्या सोयीचं आहे. युरोपात या वस्तूंना परवाना देण्याचं काम खाजगी प्रमाणन संस्था करतात, आणि त्यांची फी भरते खुद्द उत्पादक कंपनी. पिपला प्रमाणपत्र होतं जर्मनीच्या ट्यूफ राइनलांडचं. त्यांचे लोक तपासणीला यायचे ते कळवून, त्याआधी पिंपं हलवली जायची. ट्यूफचं म्हणणं, आम्हीही फसलो. यावर तुलाँच्या कोर्टाने २०१३ मध्ये त्यांना जबाबदार धरलं, २०१५ मध्ये अपिलात ते सुटले, २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०२१ च्या मे महिन्यात पॅरिसच्या अपील न्यायालयाने त्यांचा हलगर्जीपणा मान्य केला. माल सापडल्यापासून अकरा वर्षं. परवान्याची ही पद्धत किती पोकळ, हे नेदरलँड्सच्या एका पत्रकार बाईने दाखवून दिलं. संत्री भरायची जाळीची पिशवी कागदपत्रांत योनिमार्गातल्या शस्त्रक्रियेची जाळी म्हणून सादर केली, आणि ती मान्य होण्याजोगी आहे असा प्रतिसाद तिला मिळाला!

युरोपला हसायचं कारण नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा धातूचा खुबा आठवा. ऑस्ट्रेलियात तो २००९ च्या डिसेंबरमध्ये बाजारातून काढला, जगभरातून परत बोलावला २०१० च्या ऑगस्टमध्ये. भारतात सुमारे ४७०० शस्त्रक्रियांत तो वापरला होता. धातू झिजून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतं. सरकारी तज्ज्ञ समिती नेमली गेली २०१७ मध्ये, आणि २०१८ पर्यंत शोध लागला होता हजाराच्या आसपास रुग्णांचा. उरलेले कुठे? अंगातला खुबा घेऊन लंगडत असतील, वयामुळे होतंय म्हणत. त्यांत आपल्या किती आया-मावश्या असतील, कुणी मोजलंय?

२०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, २०२० पासून सगळी उपकरणं औषध कायद्याखाली आली. चांगलं झालं. पण चाचणीत सहभागी झालेल्याला इजा झाली तर भरपाई आहे, पैसे मोजून उपकरण घेतलेल्या बाईला त्या नियमांत काही नाही. तिने ग्राहक आयोगात जायचं. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं, २०१९ च्या नव्या कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकाची आणि विक्रेत्याची जबाबदारीही आली. पण त्यासाठी उत्पादक कोण ते कळायला हवं, आणि आपल्या हातात 'दोन नग'.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अंगात कायमची राहणारी प्रत्येक वस्तू बसवताना कंपनी, माप आणि बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मराठीतून बाईच्या हाती द्या. दवाखाना विकला, मालक बदलला, तरी रुग्णांच्या नोंदी आणि दिलेली हमी नव्या मालकाकडे गेलीच पाहिजे. यंत्रं घेता, फर्निचर घेता, नाव घेता, मग जबाबदारी कशी सुटते? आणि उपचार अर्धवट राहिला तर फायनान्सचा हप्ता थांबला पाहिजे. गटांनी आपापल्या वस्तीत नुसतं विचारून बघावं, कुणाच्या अंगात काय बसवलंय आणि कागद आहे का. आम्ही एका गल्लीत विचारलं तर तांबी, डोळ्यातली भिंगं, हाडातल्या पट्ट्या, स्टेंट निघाले. कार्ड दोघींकडे होतं.

मावशींचा हलणारा दात दुसऱ्या डॉक्टरांनी काढला. दुसरा अजून आहे, तो कुठल्या कंपनीचा ते एक्स-रेवरून नक्की सांगता आलं नाही. जुन्या साहेबांना, नव्या कंपनीला आणि फायनान्सला अशा तीन नोटिसा पाठवल्या. साहेबांची 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा मारून परत आली. जिल्हा ग्राहक आयोगातल्या पहिल्या तारखेला मावशींनी अंगणवाडीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नाव पुकारल्यावर त्या उठल्या, तोंडावर पदर धरला, आणि मग त्यांनीच तो खाली केला.