दगडावरचा सातबारा

साथींनो, इंदिरानगरात मजुरीला नाहीतर शिकायला आलेल्या आपल्या पोरांना पांडवलेणी जवळच. डोंगर चढलो की कुणीतरी सांगतंच, पांडव वनवासात इथं राहिले. साफ खोटं. ही बौद्ध भिक्खूंची लेणी, दोन हजार वर्षांमागची. भिंतीवर ब्राह्मी लिपीत लिहिलंय. आणि लिहिलंय काय, तर बरंचसं जमिनीचंच!

दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो, एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत घेतलं, ते नगराच्या शिवेवर वायव्येला, त्यातून भिक्खूंना अन्न मिळेल. म्हणजे खरेदीखतच की. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी राज्याच्या १८व्या वर्षी कखडी गावातलं २०० निवर्तनं शेत भिक्खूंना देतो. सरकारी माणसानं त्यात शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, असं बजावतो. २४व्या वर्षी पुन्हा हुकूम: ते शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, तर नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्या.

गाव का उठलं? कसणारे गेले कुठं? त्या हुकमात एक अक्षर नाही. ते आपलेच होते असं आम्ही म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण देणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, त्या शेतात नांगर धरणाऱ्याचं नाही. आणि नांगर थांबला तेव्हा राजाचं दानसुद्धा फुकट गेलं!

आता आपलं बघा. सुरगाणा-पेठकडं शिवेवर वाघदेव उभा आहे, त्यावर चंद्र, सूर्य, वाघ, नाग. शहरवाले त्याला ‘आदिवासी कला’ म्हणतात, फोटो काढतात. आम्ही तोच दाव्याला जोडला की साहेब विचारतो, कागद कुठंय? वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ मध्ये जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा पुरावा म्हणून धरल्यात, म्हाताऱ्यांचे जबाबही धरलेत. ब्राह्मी नाही, छापील आहे, साहेबाला वाचता येईल.

तर पुढच्या बैठकीला येताना वाघदेव, विहीर, मसणवटा प्लॉटापासून कुठल्या अंगाला, किती लांब, ते कागदावर काढून आणा. गावातल्या म्हाताऱ्याचा जबाब लिहून अंगठा घ्या, पण तो म्हातारा स्वतः दावेदार नको. एकाच पुराव्यावर राहू नका, नियमाला एकाहून जास्त लागतात.