स्वनातीत विमान आणि रे रोडचे पत्रे

मुंबईच्या रे रोड स्थानकातून पूर्वेला दारूखान्याकडे निघाले की गोदामांवर, कारखान्यांवर आणि घरांवर पत्रेच पत्रे दिसतात. श्रावणातली सर आली तरी आतले बोलणे ऐकू येत नाही. स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून वेगवान, प्रवासी विमाने पुन्हा आणण्याची तयारी जगात सुरू असताना या पत्र्यांचा विचार आजच व्हायला हवा. विमान किती शांत आहे, याचा निवाडा खाली राहणाऱ्यांच्या घरात होत असतो.

या तयारीतले सर्वांत लक्षवेधी विमान म्हणजे ‘नासा’चे एक्स-59. लॉकहीड मार्टिनने बांधलेले हे विमान 28 ऑक्टोबर 2025 रोजी कॅलिफोर्नियातल्या पामडेलहून पहिल्यांदा उडाले. लांबी सुमारे 30 मीटर आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग नुसत्या नाकाचा. इंजिन पाठीवर. वैमानिकापुढे काच नाही. समोरचे दृश्य कॅमेऱ्यांतून पडद्यावर येते. हा चमत्कारिक आकार संगणकीय गणितातून घडला आहे.

ध्वनीहून वेगाने जाणाऱ्या विमानाची चाहूल पुढच्या हवेला लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेल्या लाँचच्या नाळेपाशी पाणी फुगते, तशी हवा विमानापुढे दाबली जाते. नाक, पंख, शेपूट अशा प्रत्येक ठिकाणाहून धक्कालहरी निघतात. खाली येता येता त्या एकमेकींत मिसळतात आणि जमिनीवर पाठोपाठ दोन बार ऐकू येतात. लहरी मिसळू दिल्या नाहीत तर बाराऐवजी हलका ठोका उरेल, हे सीबास आणि जॉर्ज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अर्धशतकापूर्वी गणिताने दाखवले. नासाच्या क्रिस्टीन डार्डन यांनी त्यावर संगणक प्रणाली लिहिली. 2003 मध्ये नाक बदललेले एफ-5 लढाऊ विमान उडवून तो सिद्धान्त हवेत पडताळला गेला.

आता विमानाभोवतीची हवा संगणकात कोट्यवधी घरांत विभागतात, प्रत्येक घरातला दाब काढतात आणि ती लहर जमिनीपर्यंत येताना कशी बदलेल, हे दुसऱ्या प्रणालीने मोजतात. खरी किमया उलट्या हिशेबात आहे. आकाराची शेकडो मापे एकेक करून बदलून पाहण्याऐवजी जमिनीवरच्या आवाजापासून मागे गणित करत गेले, की कुठला उंचवटा किती त्रासदायक आहे ते एकाच फेरीत कळते. कॉनकॉर्ड या जुन्या स्वनातीत प्रवासी विमानाचा आवाज सुमारे 105 डेसिबल धरला जातो. एक्स-59 चे उद्दिष्ट 75 आहे. कानाला तो साधारण एक अष्टमांश वाटेल.

हे यश मोठे आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे. पण 75 हा आकडा लोकांना चालेल का, हे संगणक सांगू शकत नाही. 1964 मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत 1,253 बार करून लोकांना विचारले गेले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा नागरिकांनी हे सहन होणार नाही असे सांगितले. एक्स-59 सुद्धा अमेरिकी वस्त्यांवरून उडवून लोकांचे मत घेतले जाणार आहे, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरवण्याचा विचार आहे.

अडचण इथेच आहे. नासाच्या लँगली केंद्रात खास खोली बांधून तपासले गेले, तेव्हा बाराच्या आवाजाला वस्तूंच्या खडखडाटाची जोड मिळाली की त्रास वाढतो असे दिसले. अमेरिकी घरांत जे खडखडते ते वेगळे. लालबागच्या चाळीतली लाकडी खिडकी आणि दारूखान्याचा पत्रा वेगळा. हवेतली आर्द्रताही लहरीची धार बदलते. कोरड्या वाळवंटावरचे मोजमाप जुलैतल्या मुंबईला जसेच्या तसे लागू होणार नाही.

भारताने पूर्वी या बाबतीत ठाम भूमिका घेतली होती. लंडन-बहारीन-सिंगापूर मार्गावरच्या कॉनकॉर्डला आपल्या हवाई हद्दीत स्वनातीत वेगाची परवानगी नाकारली गेली आणि 1980 मध्ये तो मार्ग बंद पडला. एअर इंडियाने दोन कॉनकॉर्डसाठी राखलेला हक्कही सोडून दिला होता. आता अमेरिकेतच वारे फिरले आहे. जमिनीवरून स्वनातीत उड्डाण करण्यावरची 1973 पासूनची बंदी उठवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी जून 2025 मध्ये दिला. उद्या परवानगीची मागणी दिल्लीतही येईल.

तेव्हा परक्या सर्वेक्षणावर सही करण्याची वेळ येऊ नये. पवईच्या आयआयटीत विमानविद्येचा विभाग आहे, पुण्यात सी-डॅकने 1991 मध्येच ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला, आणि तिथल्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ महासंगणक मोसमी हवेची गणिते करतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या संस्थांना एकत्र बसवावे, आपल्या हवेत आणि आपल्या घरांत आवाज किती पोहोचेल याची मोजणी सुरू करावी, आणि रे रोडसारख्या वस्तीतल्या माणसांना विचारल्याशिवाय कोणतीही मर्यादा मान्य करू नये.