टीव्ही दात्याचा, वीजबिल कोणाचे?



जिल्हा परिषदेच्या शाळेला एखाद्या कंपनीने टीव्ही दिला की दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. मागे फलक, मध्ये पाहुणे, बाजूला सरपंच आणि मुख्याध्यापक, पुढे मांडी घालून बसलेली मुले. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक-सदस्य आहे. अशा दात्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण लोकसहभागाच्या या कौतुकात एक साधी गोष्ट बाजूला पडते. देणगी वस्तूंची येते, खर्च मात्र दर महिन्याला येतो. वस्तू देणारे भेटतात. महिन्याचा खर्च ज्याने उचलायचा, ते सरकार लोकसहभागाकडे बोट दाखवून हळूहळू अंग काढून घेत आहे.

आमच्या तालुक्यातल्याच एका शाळेत मी दात्याने दिलेला मोठा टीव्ही पाहिला. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप. बिल थकल्यामुळे वीज तोडलेली. गुरुजी कविता ऐकवायला स्वतःचा मोबाइल पहिल्या बाकावर ठेवत होते आणि मागची पोरे उठून पुढे येत होती. दात्याने आपले काम चोख केले होते, गुरुजींचीही कुचराई नव्हती. टीव्ही चालवायला लागणाऱ्या विजेची तरतूद करणे हे कोणाचेच काम नव्हते, एवढाच काय तो दोष.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाकाठी संयुक्त अनुदान मिळते. पट 30 पर्यंत असेल तर 10 हजार रुपये, 30 च्या वर 100 पर्यंत असेल तर 25 हजार. शिक्षकांचे पगार, पाठ्यपुस्तके, पोषण आहार हे वेगळे, ते मान्य. पण वीजबिल, खडू, हजेरीपट, नळाची तोटी, फुटलेली कौले, गळका पत्रा हे सगळे या रकमेतच बसवायचे आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. 80 पोरांच्या शाळेला महिन्याला दोन हजारांच्या आसपास पडतात. तेवढ्यात स्वच्छतागृह रोज धुवायला माणूस ठेवून दाखवावा. मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत घरी का राहतात, याचे उत्तर कोणत्याही डिजिटल वर्गखोलीत सापडणार नाही.

आता दुसरा आकडा पाहा. 18 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने दत्तक शाळा योजना आली. ग्रामीण भागातली शाळा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यायची तर दात्याने 50 लाखांच्या वस्तू व सेवा द्यायच्या, दहा वर्षांसाठी एक कोटीच्या. त्या मुदतीत दात्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता येते. त्याच पाच वर्षांत 80 पटाच्या शाळेला सरकार संयुक्त अनुदान म्हणून देणार सव्वा लाख. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आमच्या आजीला ठाऊक होती. ती मंत्रालयातही पोहोचलेली दिसते.

गाव काही करत नाही, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. स्नेहसंमेलनाच्या रात्री आमच्याकडे काय होते ते बघायला या. पोरांचे लेझीम रंगात आले की कोणी उठून पन्नासाची नोट देतो, कोणी पाचशे एक. गुरुजी माइकवरून नाव आणि रक्कम पुकारतात, पुढच्या नाचाला दुसरा मामा उठतो. त्या पैशांतून शाळेला खुर्च्या आल्या, पाण्याची टाकी आली, सहलीला पैसे नसलेल्या पोरांचे भाडे निघाले. हा आनंदाचा, हौसेचा पैसा आहे आणि तो सहल, वाचनालय, खेळाचे साहित्य, विज्ञान प्रदर्शन अशा हौसेच्या, वाढीव गोष्टींवरच लागला पाहिजे. त्यातून वीजबिल भरायची पाळी येते, तेव्हा गाव सरकारला देणगी देत असते.

वाबळेवाडीचे उदाहरण हमखास दिले जाते. शिरूर तालुक्यातल्या त्या वस्तीने शाळेसाठी जमीन दिली, ऊर्जा वाचवणारे वर्ग उभे राहिले, राज्यभरातून लोक बघायला आले. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला तर 2025 मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही गावांचे करावे तेवढे कौतुक थोडे आहे. पण हे दोन्ही तालुके पुण्याच्या कारखानदारी पट्ट्यात येतात, हेही ध्यानात घ्यावे. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि तोच कायदा सांगतो की कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे. चाकण-रांजणगावच्या आसपास म्हणूनच दाते भेटतात. धडगावच्या पाड्यावरच्या किंवा मेळघाटातल्या शाळेने कोणत्या कारखान्याचे दार वाजवावे? लोकसहभागावर सोडून दिलेली शाळा म्हणजे जिथे पैसा आहे तिथेच चांगली होणारी शाळा. ही दरी बुजवणे सरकारचे काम आहे आणि नेमके तेच होत नाही.

शिवाय शाळेसाठी लोक एकदा पैसे भरून मोकळे झालेले आहेत. शहरातल्या मालमत्ता कराच्या बिलात राज्याचा शिक्षण उपकर असतो, प्राप्तिकरावर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात हीच तक्रार केली होती, की शिक्षणासाठी म्हणून खास कर घेता, पण तो त्या कामावर खर्च करत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षे उलटली, तरी कर भरणाऱ्याकडेच पुन्हा वर्गणीचे पुस्तक येते.

यावर कोणी म्हणेल, कर्मवीर भाऊराव पाटलांनी लोकांच्या मूठमूठ धान्यावरच शाळा आणि वसतिगृहे उभी केली ना? केली. पण 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली तेव्हा गरिबाच्या पोराला शिकवणे हे सरकारचे कायदेशीर कर्तव्य नव्हते. आज आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ते केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्यावर टाकले आहे.

याच कायद्याने आमच्यासारख्या समित्या जन्माला घातल्या. तीनचतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि त्या आराखड्याच्या आधारे सरकारने अनुदान द्यायचे, असे कलम 22 सांगते. प्रत्यक्षात अनुदान पटावरून ठरते आणि आराखडा फायलीत राहतो. समितीला डावलले की काय होते ते 2024 मध्ये गणवेशाने दाखवले. एक राज्य एक गणवेश म्हणून खरेदी वरून झाली. कपडे उशिरा आले, कोणाला आखूड तर कोणाला ढगळ. डिसेंबर 2024 मध्ये सरकारने निर्णय फिरवून काम पुन्हा समित्यांकडे दिले. गावातल्या शिंप्याला पोरांची मापे ठाऊक असतात, हे कळायला एक शालेय वर्ष खर्ची पडले.

म्हणून मागण्या चारच. संयुक्त अनुदान जूनमध्ये, शाळा उघडतानाच हातात पडावे आणि वीजबिल व स्वच्छता कर्मचारी यांची तरतूद त्याबाहेर स्वतंत्र असावी. जिथे कंपन्या नाहीत त्या तालुक्यांना सरकारने जास्त पैसे द्यावेत. कोणतीही देणगी घेण्याआधी समितीचा ठराव व्हावा, त्यात देखभाल कोण करणार हे लिहिलेले असावे आणि आलेल्या पैशांचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लागावा. आणि देणगी गोळा करणे हे शिक्षकाच्या कामाचे मोजमाप होऊ नये. तो शिकवायला आला आहे.

मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. त्यानंतर कित्येक वर्षे हे प्रश्न सभागृहात विचारायला निवडून आलेला सदस्यच नव्हता. तेव्हा हे काम ग्रामसभेनेच अंगावर घेतले पाहिजे. ग्रामपंचायतीला मिळालेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पालकांनी येत्या ग्रामसभेत उठून दोनच प्रश्न विचारावेत: त्यातले शाळेच्या स्वच्छतागृहावर किती लागले, आणि शाळेचे शेवटचे वीजबिल कोणी भरले? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी.

आपली,
एक पालक-सदस्य,
शाळा व्यवस्थापन समिती, जि. अहिल्यानगर