प्रत्येक दगडी मंदिर 'हेमाडपंती' नसते

१/ हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याने यवत गाठले, की डोंगरावरचे भुलेश्वर फार दूर राहत नाही. तेथे पोहोचलेल्या प्रत्येक गटात कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो : 'हे हेमाडपंती आहे.' ऐकणारे मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. या शब्दाचा खरा दोष हाच.

२/ हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, 'चतुर्वर्गचिंतामणी'चा कर्ता. महादेव गादीवर आला १२६१च्या सुमारास. हेमाद्रीचा कारभार त्यानंतरचा.

३/ आता अंबरनाथचे शिवमंदिर पाहावे. तेथील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, राजवट शिलाहारांची. हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे हे मंदिरही सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते. मंत्र्याच्या जन्मापूर्वीच त्याची शैली प्रचलित झाली होती काय?

४/ यावर ठरलेला बचाव असा : 'चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून बांधलेले ते हेमाडपंती.' परंतु हे झाले तंत्र, शैली नव्हे. शिवाय तंत्रही हेमाद्रीचे नव्हे. पट्टदकलची आठव्या शतकातील मंदिरे याच रीतीने उभी आहेत.

५/ अंबरनाथच्या शैलीला शास्त्रात स्वतःचे नाव आहे : 'भूमिज'. भोजराजाच्या नावावरील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात या प्रकाराचे विवेचन आढळते. येथे 'भूमी' म्हणजे शिखराचा मजला. शिखराच्या चारही बाजूंस एकेक उभी लता असते. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या स्तंभांवर शिखराच्याच लहान प्रतिकृती, मजल्यामागून मजला, वर लहान होत जातात. सिन्नरचे गोंदेश्वर पाहिले की हे तत्काळ उमगते.

६/ 'भूमिज' म्हटले की माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर आठवते आणि परमारांच्या माळव्याशी दख्खनचे नाते तपासावेसे वाटते. 'हेमाडपंती' म्हटले की शिलाहार पुसले जातात, अनाम सूत्रधार पुसले जातात आणि शतकांचे श्रेय एका मंत्र्याच्या पदरात पडते.

७/ लोकभाषेने आपला शब्द खुशाल जपावा; तोही इतिहासच आहे. मात्र माहितीफलकाने आणि अभ्यासकाने त्याआड लपू नये. भुलेश्वर यादवकाळातील असले, तरी तेथेही आधी विचारावे : मूळ भाग कोणता, नंतरची भर कोणती, शिखर कोणत्या काळातले? नाव त्यानंतर द्यावे.