विद्यापीठांचे अनुदान, रिक्त पदे व स्वायत्तता ह्यांसंबंधी मुख्यमंत्र्यांस निवेदन

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

प्रत माहितीस्तव: माननीय राज्यपाल तथा कुलपती, माननीय मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण

विषय: राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे अनुदान, त्यांतील शिक्षकांची रिक्त पदे आणि त्यांच्या कारभारातील शासनाच्या अधिकाराची मर्यादा ह्यांबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे, राज्यातील निरनिराळ्या विद्यापीठांत व संलग्न महाविद्यालयांत तीस-पस्तीस वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेले शिक्षक, आणि आमच्याबरोबर काही काळ अधिसभेत व विद्या परिषदेत बसलेले पदवीधर, हे निवेदन आपणांसमोर ठेवीत आहोत. ह्यात आमचा वैयक्तिक लाभ कोणताच नाही. आमची निवृत्तिवेतने सुरळीत चालू आहेत आणि आमच्या मुलाबाळांची शिक्षणे केव्हाच पुरी झाली आहेत. परंतु ज्या खोल्यांत बसून आम्ही आमच्या गुरूंची व्याख्याने ऐकली आणि पुढे ज्यांत आम्हीच व्याख्याने दिली, त्या खोल्या शिक्षकांवाचून ओस पडताना पाहून स्वस्थ बसणे आम्हांस शक्य झाले नाही.

शासनाने उच्च शिक्षणासाठी जे केले आहे त्याचा उल्लेख आम्ही प्रथम करतो, कारण तो न करणे कृतघ्नपणाचे होईल. १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले नसते, तर बीड-परभणीकडील शेतकऱ्याच्या मुलाला पदवीसाठी उस्मानिया विद्यापीठाच्याच तोंडाकडे पाहावे लागले असते. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर आणि २०११ साली गडचिरोली येथेही विद्यापीठे उभी राहिली, आणि अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांच्या वेतनाचा भार शासनाने स्वतःच्या तिजोरीवर घेतला, ह्या गोष्टींमुळेच ज्या घराण्यांत अक्षरओळख नव्हती त्यांतून प्राध्यापक निपजले. आमच्यापैकी कित्येकजण त्याच घराण्यांतले आहेत. म्हणून शासनाने विद्यापीठांपासून दूर व्हावे असे आमचे म्हणणे नाही. शासनाने पैसा द्यावा, पुरेसा द्यावा, आणि दिलेल्या पैशाचा काटेकोर हिशेब मागावा, हेच आमचे म्हणणे आहे. मात्र हिशेब मागण्याच्या अधिकारातून हुकूम चालविण्याचा अधिकार आपोआप उत्पन्न होत नाही, आणि अलीकडे तो तसा होतो असे गृहीत धरले जात आहे, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

ही तक्रार आजची नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले तेव्हापासून प्रांताचा गव्हर्नर हा त्याचा पदसिद्ध कुलपती होता. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सिनेटमधील बहुतेक जागा नेमणुकीच्या हाती ठेवल्या, तेव्हा नामदार गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात त्या विधेयकास विरोध केला. विद्यापीठे सरकारी खात्याचे अंग बनतील ही त्यांची धास्ती होती. त्यापूर्वी मुंबई विद्यापीठाच्या सिनेटमध्ये न्यायमूर्ती रानडे ह्यांनी मराठीला अभ्यासक्रमात पुनः स्थान मिळावे म्हणून वर्षानुवर्षे नेट धरला होता, आणि तो धरता आला तो वादविवादाची जागा शिल्लक होती म्हणून. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले ते तर सरकारी सनदेवाचून. सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांची पंधरा लक्षांची देणगी व असंख्य सामान्यांच्या वर्गण्या एवढ्या बळावर, मातृभाषेतून शिक्षण देत, ते साडेतीन दशके चालले आणि १९५१ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. मान्यता उशिरा आली, पण त्या दीर्घ काळात काय शिकवावे हे कर्व्यांना कोणत्याही सचिवाला विचारावे लागले नाही.

आज परिस्थिती उलटी आहे. सनद आहे, अधिनियम आहे, मोठमोठ्या इमारती आहेत, आणि एक अधिव्याख्याता नेमण्याची मोकळीक मात्र नाही. आमच्या पहिल्या आणि सर्वांत निकडीच्या मागणीचा हा विषय असल्यामुळे तो थोडा विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

एखाद्या विभागातील प्राध्यापक वयोमानानुसार निवृत्त होतो. त्याच्या निवृत्तीची तारीख त्याच्या नेमणुकीच्या दिवसापासून शासनाच्या दफ्तरी नोंदलेली असते. ह्याहून अधिक निश्चित असे काही सरकारी कारभारात क्वचितच असेल. तरीही ते पद भरण्यासाठी विद्यापीठ नव्याने प्रस्ताव पाठविते. बिंदुनामावली विभागीय आयुक्तांच्या कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. प्रस्ताव उच्च शिक्षण संचालनालयातून मंत्रालयात जातो. तेथे आकृतिबंधाचा प्रश्न निघतो, वित्त विभागाची संमती लागते, आणि ती मिळेपर्यंत कधी भरतीवरील निर्बंधाचा नवा शासननिर्णय, कधी निवडणुकीची आचारसंहिता, कधी आरक्षणविषयक नवा कायदा मध्ये येतो व बिंदुनामावली पुनः पहिल्यापासून मांडावी लागते. आम्हांपैकी एकाच्या विभागात, तो निवृत्त झाला त्या वेळी मंजूर पदे सात होती व भरलेली दोन. त्या दोहोंपैकी एक तोच होता. विभाग बंद करण्याचा हुकूम कोणीही काढला नाही. पद रद्दही झाले नाही, भरलेही गेले नाही, आणि संस्कृत, पाली, तत्त्वज्ञान, भूगर्भशास्त्र असे विभाग कोणाच्याही सहीवाचून मरू लागले.

त्या जागी तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात. नेट-सेट उत्तीर्ण, पुष्कळदा पीएच.डी. झालेली ही तरुण मंडळी तासागणिक मोबदला घेतात. सुटीत त्यांना मोबदला नाही, आजारपणात नाही, आणि पुढल्या वर्षी बोलावणे येईल की नाही ह्याची शाश्वती नाही. अशा शिक्षकाने नवा अभ्यासक्रम रचावा, संशोधकाला मार्गदर्शन करावे, विद्या परिषदेत उठून निर्भयपणे विरुद्ध मत द्यावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? येथे एक गैरसमज आम्ही आधीच दूर करू इच्छितो. बिंदुनामावलीच्या तपासणीस आमचा विरोध नाही. आरक्षण ही घटनेने दिलेली हमी आहे आणि ती तंतोतंत पाळली गेली पाहिजे. परंतु पद रिक्त ठेवल्याने त्या हमीचाच सर्वाधिक भंग होतो, कारण न भरलेल्या जागेवर कोणत्याही समाजाचा उमेदवार बसत नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, एकदा मंजूर झालेले शिक्षकाचे पद निवृत्ती, राजीनामा वा मृत्यू ह्यांमुळे रिकामे झाल्यास ते भरण्यासाठी विद्यापीठास वित्त विभागाच्या नव्या संमतीची गरज नसावी. निवृत्तीच्या सहा महिने आधी जाहिरात देण्याचा अधिकार विद्यापीठास अधिनियमानेच मिळावा. बिंदुनामावलीच्या तपासणीस तीस दिवसांची मुदत असावी. आणि पद भरले जाईपर्यंत तेथे शिकविणाऱ्यास बारा महिन्यांचे निश्चित वेतन मिळावे.

दुसरी मागणी अनुदानाच्या स्वरूपाविषयी आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा असे म्हटले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच सहाचा आकडा पुनः उच्चारला. मधली चोपन्न वर्षे त्याची वाट पाहण्यात गेली. त्या आकड्यासाठी आम्ही आपल्या एकट्याकडे बोट दाखवीत नाही. केंद्राचीही जबाबदारी आहे, आणि वेतनश्रेणी दिल्लीत ठरून तिचा भार मात्र राज्यावर पडतो हे आम्ही जाणतो: सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी वाढीव खर्चाचा ऐंशी टक्के वाटा काही वर्षांपुरता केंद्राने उचलला होता, सातव्याच्या वेळी तो पन्नास टक्क्यांवर आला. ह्या बाबतीत राज्याने केंद्राशी भांडावे, आम्ही राज्याच्या बाजूने उभे राहू. परंतु जे अनुदान राज्याच्या हाती आहे ते कसे द्यावे, ह्यात केंद्राचा अडसर नाही.

आज वेतनेतर अनुदान तुटपुंजे असते, वर्षावर्षाला मंजूर होते, आणि त्याचा मोठा भाग मार्चअखेर हाती पडतो असा अनुभव आम्ही वारंवार घेतला आहे. मग एकतीस मार्चच्या आत ते खर्ची टाकण्यासाठी नको ती खरेदी होते, अथवा रक्कम व्यपगत होते. ग्रंथालयाला वर्षभर नियतकालिके हवी असतात, रसायनशाळेला जुलैत द्रावणे हवी असतात. पैसा मात्र परीक्षा सुरू होण्याच्या सुमारास येतो. इंग्लंडात १९१९ साली विद्यापीठ अनुदान समिती स्थापन झाली, तेव्हा तेथील राज्यकर्त्यांनी अनुदानाची एकठोक रक्कम पाच-पाच वर्षांसाठी देण्याचा प्रघात पाडला आणि वाटपाचा विचार बहुतांशी विद्वानांच्या समितीवर सोपविला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाची घडण करताना तो आदर्श डोळ्यांसमोर होता. १९५६ ते १९६१ ह्या काळात चिंतामणराव देशमुखांसारखा अर्थकारणातील अधिकारी पुरुष त्या आयोगाच्या अध्यक्षपदी होता ही महाराष्ट्राला भूषणाची गोष्ट आहे. त्याच धर्तीवर राज्याने आपल्या विद्यापीठांस पंचवार्षिक अनुदान द्यावे, ते कसे ठरते त्याचे सूत्र अधिनियमाच्या परिशिष्टात छापावे, वर्षाच्या पहिल्या तिमाहीत त्याचा हप्ता पोचावा, आणि शिल्लक रक्कम पुढील वर्षी वापरण्याची मुभा असावी. त्या सूत्रात गोंडवाना विद्यापीठासारख्या, केवळ गडचिरोली व चंद्रपूर ह्या दोन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला वेगळे वजन हवे; संलग्नीकरण व परीक्षा ह्यांच्या शुल्कावर मुंबई-पुण्याचा संसार चालेल, तेथला चालणार नाही. आणि ज्या विद्यार्थ्यांचे आईबाप तेंदूपाने गोळा करून घर चालवितात, त्यांच्या शुल्कात वाढ करून तूट भरण्याचा सल्ला कोणी देऊ नये अशी आमची कळकळीची विनंती आहे.

कारभाराच्या रचनेविषयी आमचे म्हणणे थोडके आहे. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकाने उच्च शिक्षणमंत्र्यांस प्र-कुलपतिपद देऊ केले होते आणि कुलगुरूंच्या नावांची निवड आधी शासनाच्या चाळणीतून जावी अशी योजना केली होती. पुढे दुसऱ्या शासनाने ते मागे घेतले. उलटपक्षी, जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात कुलगुरुशोध समितीवरील राज्याचा हात काढून घेतलेला होता. एकदा मंत्रालयाकडे, एकदा दिल्लीकडे असा हा ओढा चालतो, आणि ज्याच्यासाठी कुलगुरू नेमावयाचा त्या विद्यापीठाचे मत दोहोंकडेही दुय्यम ठरते. शोध समितीत विद्यापीठाच्या स्वतःच्या प्राधिकरणांनी निवडलेल्या व विद्यापीठाबाहेरील विद्वानांचे बहुमत असावे, तिने सुचविलेल्या नावांची कारणे प्रसिद्ध व्हावीत, आणि त्या नावांत फेरफार करण्याचा अधिकार मंत्र्यांस वा कुलपतींस नसावा, अशी आमची मागणी आहे. ती कोणत्याही एका पक्षाच्या शासनाविरुद्ध नाही, कारण दोन्ही बाजूंनी हा मोह अनावर झाल्याचे आम्ही पाहिले आहे.

२०१६ च्या अधिनियमाने निवडून येणाऱ्या अधिष्ठात्यांच्या जागी नेमलेले अधिष्ठाते आणले. अधिसभेत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, पण निवडणुका लांबणीवर पडतात. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तरतूद त्याच अधिनियमात आहे, ती कागदावरच राहिली आहे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे कुलगुरूंवर बंधनकारक करावे, आणि ती पुढे ढकलण्याचा अधिकार केवळ न्यायालयास असावा.

स्वायत्तता म्हणजे बेजबाबदारी नव्हे, हे सांगताना २०१७ सालचे मुंबई विद्यापीठ आमच्या डोळ्यांसमोर आहे. संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून सुरू झाली, निकाल महिनोन् महिने रखडले, हजारो मुलांचे पुढील प्रवेश हुकले आणि कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. तेथे कुलपतींनी हस्तक्षेप केला तो योग्यच होता. असा हस्तक्षेप कोणत्या कारणांसाठी, कोणत्या चौकशीनंतर व किती काळापुरता करता येईल हे कलमवार लिहून ठेवावे, म्हणजे उद्या एखाद्या चर्चासत्रातील वक्ता नापसंत पडला म्हणून तेच अस्त्र वापरले जाणार नाही. तसेच प्रत्येक विद्यापीठाचा लेखापरीक्षण अहवाल त्याच वर्षी विधिमंडळासमोर व अधिसभेसमोर यावा, आणि तो मराठीत असावा.

येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आमच्यातील पाच जणांस आपण भेटीची वेळ द्यावी, आणि त्या भेटीच्या आधी उच्च शिक्षण विभागाकडून विद्यापीठवार, विभागवार मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची यादी, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिकामे आहे ह्या नोंदीसह, मागवून ठेवावी अशी विनंती आहे. ती यादी समोर असली, म्हणजे आम्हांस फार बोलावे लागणार नाही.

आपले विश्वासू,
राज्यातील विद्यापीठांचे सेवानिवृत्त शिक्षक व अधिसभेचे माजी सदस्य
(सह्या सोबत जोडल्या आहेत)