आधी कान, मग जीभ

मित्रांनो, परकी भाषा शिकायची म्हणजे आधी व्याकरण घोकायचं, असंच वाटतं ना? दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी सैन्याला जपानी, जर्मन बोलणारे जवान तातडीनं हवे होते. मग काय केलं? ज्यांची ती मातृभाषा, अशी माणसंच वर्गात आणली! छोट्या गटांत त्यांचं ऐकायचं, तसंच बोलायचं. पुढे तिथल्या शाळांत टेपरेकॉर्डर आले. पण नुसती पोपटपंची केलेली मुलं खऱ्या गप्पांत अडायची. म्हणून वाक्य ऐका, म्हणा आणि लगेच त्यात स्वतःचे शब्द घाला. चुकलात, कुणी हसलं, तर हसू दे! मराठी तरी कशी शिकलात? चुकतमाकतच ना? आणि आईबाबांनो, तेव्हा तुम्ही कौतुकच केलंत, आताही करा!