विश्लेषण : पर्यावरण अभियांत्रिकी आणि पर्यावरण विज्ञान एकत्र शिकता येते का? वऱ्हाडातील विद्यार्थ्यांपुढे कोणते पर्याय?

बारावीचा निकाल लागला की अमरावती आणि अकोल्यातील घराघरांत शाखेची चर्चा सुरू होते. पर्यावरण या विषयाची आवड असलेल्या विद्यार्थ्यापुढे तेव्हा एक वेगळाच पेच असतो. अभियांत्रिकीला गेले तर विज्ञान सुटते, बी.एस्सी.ला गेले तर अभियंता होता येत नाही. परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलियात, अभियांत्रिकी आणि विज्ञान या दोन्हींची जोडपदवी साधारण पाच वर्षांत घेता येते. आपल्याकडे असे काही आहे का? वऱ्हाडाला अशा शिक्षणाची गरज आहे का? आणि त्यासाठी विद्यार्थ्याने निर्णय नेमका कधी घ्यायला हवा?

दोन्ही विषयांत नेमका फरक काय?

पर्यावरण विज्ञान ‘काय घडते आणि का घडते’ ते शोधते. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र, परिसंस्था हा त्याचा पाया. पर्यावरण अभियांत्रिकी ‘मग करायचे काय, किती क्षमतेचे आणि किती खर्चात’ याचे उत्तर देते. पाणी शुद्धीकरण केंद्र, सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, धुरातील राख अडवणारी यंत्रणा, कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट यांचा आराखडा अभियंता करतो. त्यासाठी गणित, द्रवगतिकी आणि स्थापत्य लागते.

लोणारचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी अचानक गुलाबी झाले. पाणी घटले, क्षार वाढले आणि त्यात क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले, हे प्रयोगशाळेतील तपासणीतून समोर आले. हे विज्ञानाचे काम. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आता सरोवरात गावाचे सांडपाणी जाऊ नये म्हणून ते कुठे अडवायचे, कसे वळवायचे आणि किती शुद्ध करायचे, हे ठरवणे अभियंत्याचे काम आहे. त्यातही एक अडचण आहे. जास्त गोडे पाणी सरोवरात आले, तर तिथली खारट पाण्यातील जीवसृष्टीच बदलेल. म्हणजे किती पाणी अडवायचे हे ठरवताना अभियंत्याला पुन्हा विज्ञानाकडेच यावे लागते.

वऱ्हाडात हा प्रश्न इतका महत्त्वाचा का?

याचे उत्तर खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांच्या मोठ्या भागात भूजल खारट आहे. राज्य सरकारच्या जागतिक बँक साहाय्यित नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात दुष्काळप्रवण गावांसोबत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे वेगळी धरली गेली. इथे विहीर खोदली की पाणी लागते, पण ते धड पिता येत नाही आणि धड पिकाला देता येत नाही. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी या गावांमधून वर्षानुवर्षे येत आहेत.

यावरचा सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे गावात आरओ यंत्र बसवणे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. आरओ हे प्रमाण खाली आणते, पण क्षार नष्ट करत नाही. ते उरलेल्या पाण्यात गोळा होतात आणि ते अधिक खारट पाणी बाहेर टाकले जाते. गावाच्या नालीतून ते पुन्हा त्याच जमिनीत मुरले तर प्रश्न फक्त जागा बदलतो. यंत्र बसवणाऱ्याला मातीचे रसायन माहीत नसेल, तर हा धोका त्याच्या हिशेबात येतच नाही.

शेतीचेही तसेच. इथल्या काळ्या चिकणमातीत सोडियम जास्त झाला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, हे रसायनशास्त्र झाले. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला निचरा लागतो. तो चर किती खोल, किती अंतरावर, उतार किती, हे अभियांत्रिकी सांगते. निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणे म्हणजे अर्धेच काम.

तिसरा उपाय दुरून पाणी आणण्याचा. अकोट-तेल्हारा भागातील ८४ खेडी योजना वान धरणाच्या पाण्यावर चालते. बाळापूर तालुक्यातील ६९ गावांनाही वानचेच पाणी द्यायचे की नाही, यावरून मोठा वाद झाला. एप्रिल २०२३ मध्ये या योजनेच्या मागणीसाठी अकोल्याहून नागपूरकडे संघर्ष यात्रा निघाली, तर सिंचनाचे पाणी कमी होईल म्हणून तेल्हारा भागातील शेतकऱ्यांचा विरोध होता. जलवाहिनी टाकता येते, पण धरणात पाणी किती, सिंचनाला किती लागते, पाऊस कमी झाला तर काय, याचे आकडे दोन्ही बाजूंना पटतील असे मांडणारे तज्ज्ञ जिल्ह्यातच असतील, तर असा वाद निदान आकड्यांवर तरी होईल.

शहरांमध्ये वेगळी स्थिती आहे का?

फारशी नाही. अकोल्यातील मोर्णा नदी जलपर्णीने भरली होती. जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिक नदीत उतरले. पंतप्रधानांनी त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख केला. पण जलपर्णी सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते. सांडपाणी नदीत येत राहिले तर ती काढली तरी परत उगवते. लोकसहभागाने नदी एकदा साफ होते, ती साफ ठेवायला मलवाहिन्या आणि प्रक्रिया केंद्र लागते.

अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे, अकोला जिल्ह्यात पारसचे वीज केंद्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. कपड्याच्या रंगाईतून निघणाऱ्या पाण्यात रंग आणि क्षार दोन्ही असतात. ज्या भागात क्षार आधीच डोईजड झाले आहेत, तिथे हे पाणी कसे हाताळायचे हे पुढच्या दहा वर्षांचे काम आहे. ते कोणी करायचे? बाहेरून आलेल्या सल्लागारांनी की इथल्या मुलामुलींनी?

अशी एकत्रित पदवी आपल्याकडे मिळते का?

मिळते, पण वऱ्हाडात एका छताखाली नाही. आयआयटी मुंबईत या विभागाचे नावच पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी असे आहे आणि अलीकडे तिथे चार वर्षांचे बी.टेक.ही सुरू झाले आहे. प्रवेश अर्थातच जेईई ॲडव्हान्स्डमधून. राज्यात कोल्हापूरच्या केआयटी महाविद्यालयात पदवी स्तरावर पर्यावरण अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. राज्याबाहेर धनबादची आयआयटी, दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ, अहमदाबादचे एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालय ही नावे घेता येतील.

वऱ्हाडात मात्र हे ज्ञान तीन ठिकाणी वाटले गेले आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासूनचे आहे. तिथे आणि इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांत पर्यावरण अभियांत्रिकी हा स्थापत्य शाखेचा एक भाग असतो. पर्यावरणशास्त्र संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत येते. माती आणि पाण्याचे अभियांत्रिकी शिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, कृषी अभियांत्रिकीच्या बी.टेक.मध्ये मिळते. स्वच्छतेसाठी आयुष्य वेचणाऱ्या संताचे नाव लावणारे विद्यापीठ आणि खारपाण जमिनींचा अनुभव असलेले कृषी विद्यापीठ यांच्यात शंभर किलोमीटरच्या आसपासच अंतर आहे. तरीही दोन्हीकडचे शिक्षण एका विद्यार्थ्याला एकाच पदवीत मिळत नाही.

मग विद्यार्थ्याने ही जोडी कशी जमवायची?

पहिला निर्णय अकरावीतच होतो. गणित सोडले की अभियांत्रिकीचा रस्ता जवळपास बंद होतो, कारण बी.ई. किंवा बी.टेक.साठी साधारणपणे भौतिकशास्त्र आणि गणित आवश्यक असते. जीवशास्त्राची आवड असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. अभ्यास वाढतो, पण दोन्ही दारे उघडी राहतात. पर्यावरणाची आवड म्हणजे जीवशास्त्र, असे समजून गणित सोडणारे विद्यार्थी बरेच असतात. पश्चात्ताप नंतर होतो.

बारावीनंतर तीन मार्ग आहेत. पहिला, स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढे पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करणे. जवळचा पर्याय म्हणजे नागपूरचे व्हीएनआयटी. दुसरा, बी.एस्सी. करून थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला प्रवेश घेणे. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरांना ही सोय आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. तिसरा, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. करून ‘गेट’ परीक्षा देणे. २०२१ पासून गेटमध्ये पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकी असा स्वतंत्र पेपर आहे. काही संस्था विज्ञानाच्या पदव्युत्तरांनाही एम.टेक.ला घेतात, मात्र प्रत्येक संस्थेची पात्रता वेगळी असते, ती आधी तपासावी.

याशिवाय यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य शाखेसोबत मायनर विषयही घेता येतो. स्थापत्यच्या विद्यार्थ्याने पर्यावरण रसायन किंवा भूजलाशी संबंधित मायनर निवडला, तर जोडपदवीचा बराचसा हेतू घरच्या घरी साधता येईल. मात्र महाविद्यालय असा मायनर प्रत्यक्षात देते का, हे प्रवेशाआधीच विचारायला हवे.

नोकरीचे काय?

इथे सावध राहायला हवे. सरकारी जाहिरातीत पदवीचे नाव पाहिले जाते. एखाद्या पदासाठी स्थापत्य पदवी मागितली असेल, तर पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी समकक्ष धरली जाईलच असे नाही. म्हणून आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, जीवन प्राधिकरण, महापालिका यांच्या मागील काही वर्षांच्या जाहिराती काढून त्यातील पात्रता वाचावी आणि मग शाखा ठरवावी. ज्यांना सरकारी सेवाच हवी आहे, त्यांच्यासाठी स्थापत्य पदवी आणि त्यावर पर्यावरणाचे पदव्युत्तर शिक्षण हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे.

खासगी क्षेत्रात दोन्हीकडची माणसे लागतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागते. त्या अहवालासाठी हवा, पाणी, जैवविविधता, माती, घनकचरा अशा क्षेत्रांचे वेगवेगळे तज्ज्ञ असतात. देशातील आघाडीच्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवालही सक्तीचा झाला आहे. संशोधनाकडे वळायचे असेल तर १९५८ मध्ये स्थापन झालेली नीरी ही राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे.

विद्यापीठांनी काय करता येईल?

नवी इमारत किंवा नवे महाविद्यालय लगेच लागणार नाही. अभियांत्रिकी, विज्ञान आणि कृषी या तिन्ही बाजूंनी एकमेकांचे विषय श्रेयांकांसह मान्य केले, तरी सुरुवात होईल. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खारपाणपट्ट्यातील एखाद्या गावात मिश्र गटाने करायचा, एकाने पाणी तपासायचे, दुसऱ्याने निचरा आखायचा, तिसऱ्याने पीक पाहायचे, यालाही फार खर्च नाही. तोवर जोडणी विद्यार्थ्यालाच करावी लागेल. त्याची सुरुवात अकरावीच्या प्रवेश अर्जावरील विषयांच्या रकान्यापासून होते.